दोन दारांवर मागितला जाणारा दाखला

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या दिवशी, ऋषी सुनक यांची ब्रिटनच्या सत्ताधारी पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले. त्या दोन दिवसांत आपल्या वृत्तवाहिन्यांवर आणि समाजमाध्यमांवर जो जल्लोष झाला तो अनेकांच्या लक्षात असेल. त्याच महिन्यात, थोडे आधी, तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी व्हिसाची मुदत संपल्यावरही ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांत भारतीयांचा भरणा सर्वाधिक असल्याचे म्हटले होते, आणि आपल्याकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. दोघांचाही जन्म १९८०चा आणि इंग्लंडमधला. दोघांचेही आईवडील भारतातून थेट नव्हे, तर पूर्व आफ्रिका आणि मॉरिशस येथील भारतीय वंशाच्या वस्त्यांतून ब्रिटनमध्ये आलेले. दोघेही तेव्हा एकाच पक्षाचे ब्रिटिश राजकारणी आणि ब्रिटिश मतदारांना उत्तरदायी. तरीही एकाला आपण घरचा मुलगा ठरवले आणि दुसरीला घरभेदी. परदेशात जन्मलेल्या दक्षिण आशियाई वंशाच्या पिढीविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते तिची सारी गडबड या एका महिन्यात एकवटलेली दिसते. ती मुले आपली की त्यांची, एवढाच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रसंग पाहून दिले जाते.

माझे म्हणणे असे की हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळे त्याची दोन्ही उत्तरेही निरर्थक ठरतात. दुसऱ्या पिढीची ओळख म्हणजे पहिल्या पिढीने सोबत नेलेल्या ऐवजातला उरलासुरला भाग, असे आपण गृहीत धरतो. मग भाषा किती टिकली, सण किती टिकले, लग्न कोणाशी झाले, यांची बेरीज-वजाबाकी करून माणसाला गुण दिले जातात. या पिढीने जिथे जन्म घेतला तिथे काय सोसले, काय उभारले, कोणाशी भांडण मांडले आणि कोणाशी जोडून घेतले, हा तिचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तिची ओळख ठरवायची तर त्या इतिहासावरूनच ठरवायला हवी.

वजाबाकीचा हा हिशेब केवळ मायदेशात मांडला जातो असे नाही. १९९०मध्ये ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी, स्थलांतरितांची मुले क्रिकेटच्या सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडतात यावर त्यांची निष्ठा तपासावी, असे सुचवले. तेव्हा आपल्याला संताप आला, आणि तो योग्यच होता. परंतु टेबिट यांचा हिशेब आणि आपला हिशेब यांत फरक कोणता? वारसा अजून किती शिल्लक आहे हे त्यांना संशयाने पाहायचे होते, आपण तेच हळहळीने पाहतो. एका दारावर तो शून्य झाल्याचा दाखला मागितला जातो, दुसऱ्या दारावर तो पुरेसा असल्याचा. मधे उभ्या असलेल्या माणसाने आयुष्यभर काय केले, याची विचारणा दोन्हीकडे होत नाही.

हे नवे नाही. अमेरिकेतील दक्षिण आशियाई वंशाची पहिली ठळक दुसरी पिढी १९६५नंतरच्या डॉक्टर-अभियंत्यांच्या घरांत जन्मलेली नसून त्याआधी जवळजवळ अर्धशतक कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत कापसाच्या शेतांजवळ वाढली. तिचे बाप म्हणजे पंजाबातून आलेले शेतकरी. १९१७च्या कायद्याने आशियातून येण्याची वाट बंद झाली, त्यामुळे गावाकडून बायकांना आणणे अशक्य झाले, आणि गोऱ्या स्त्रियांशी विवाह करायला राज्याच्या कायद्याची बंदी होती. त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल दिला. नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेऊ न देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा आता त्यांनाही लागू झाला. तेव्हा यांतील कित्येक बापांनी जमिनी कोणाच्या नावावर केल्या? आपल्या मुलांच्या. मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणून जन्मतः नागरिक. शेत त्याच्या नावावर आणि बाप त्याचा पालक म्हणून कारभारी. ज्या देशाने बापाला परका ठरवले त्याच देशातला घरचा जमीनजुमला शाळकरी पोराच्या नावावर टिकला, ही गोष्ट आपल्या एकाही चर्चेत येत नाही.

या मुलांची पहिली नावे बहुधा स्पॅनिश, आडनाव सिंग किंवा खान. आईमुळे बहुतेक जण कॅथलिक. बोलणे स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत. पंजाबी फार थोड्यांना येई. तेव्हाच्या अमेरिकेत भारतातून आलेल्या कोणालाही 'हिंदू' म्हणत, मग तो शीख असो की मुसलमान, आणि चर्चमध्ये जाणारी ही मुलेसुद्धा स्वतःला अभिमानाने 'हिंदू' म्हणवीत. पुढे कायदा बदलला, पंजाबातून नवी कुटुंबे आली आणि त्यांनी या जुन्या घरांकडे पाहून यांचा आपल्याशी काय संबंध, असा सवाल केला. वजाबाकीच्या हिशेबात या मुलांजवळ खरोखरच काही उरले नव्हते. पण बापाचा मान, त्याची जमीन आणि त्याच्यावरचा अन्याय यांची आठवण त्यांनी जपली होती. दलीपसिंग सौंद या त्याच खोऱ्यातल्या शेतकऱ्याने १९५६मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक जिंकली. आशियाई वंशाचे ते पहिले सदस्य. भाषा आणि धर्म यांच्या कसोटीवर नापास झालेल्या त्या मुलांना आपण वारसदार म्हणायचे नाही, तर मग वारसदार म्हणायचे कोणाला?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप भाषेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नातवंडांशी मनातले बोलता न येणारी आजी ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. दूरध्वनीवर 'जेवलास का?', 'अभ्यास कसा चाललाय?' या दोन प्रश्नांपुढे संभाषण सरकत नाही, आणि फोन ठेवल्यावर दोन्हीकडे जी रिकामी जागा उरते ती खरी आहे. भाषेबरोबर ओव्या, शिव्या, विनोद, नात्यांतले बारकावे जातात, हेही खरे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी रविवारच्या मराठी शाळा चालवण्यासाठी जे कष्ट घेतले आहेत त्यांच्याविषयी मला निखळ आदर आहे. मूल मराठी शिकले तर त्याला एक जास्तीचे जग मिळते. कोणत्याही आईबापाने त्यासाठी धडपडावे.

परंतु शिकवणे वेगळे आणि त्यावरून पारख करणे वेगळे. आपल्याच भूमिकेतली विसंगती आपल्याला दिसत नाही. महाराष्ट्रात येऊन राहणाऱ्या परप्रांतीयाच्या मुलाने मराठी शिकावे, इथल्या समाजाशी एकरूप व्हावे, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती मला रास्त वाटते. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलत आली. त्यांच्या मुलांनी मराठीत कविता लिहावी यात आपल्याला काहीच वावगे वाटत नाही, उलट कौतुक वाटते. मग न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी घरच्या मुलीने इंग्रजीत विचार करावा, तिथल्या शाळा-मंडळाच्या निवडणुकीला उभे राहावे, तिथल्या शेजाऱ्यांना आपले मानावे, यात उणेपण कोणते? इथे येणाऱ्याने इथले व्हावे आणि इथून जाणाऱ्याने कधीच तिथले होऊ नये, हे दोन्ही नियम एकाच तोंडाने सांगता येत नाहीत.

शिवाय भाषेच्या प्रश्नाला एक बाजू अशी आहे जी या चर्चेत कोणी मांडत नाही. ज्या घरांत आईवडिलांना इंग्रजी येत नव्हते त्या घरांत दहा-बारा वर्षांचे मूल हाच दुभाषी होता. डॉक्टरांसमोर आईचे दुखणे सांगायचे, ते सांगताना आई लाजून अर्धेच बोलते आहे हे ओळखायचे, डॉक्टरांचे उत्तर तिला भीती वाटणार नाही अशा शब्दांत परत द्यायचे. घरमालकाचे पत्र वाचायचे आणि त्यातली धमकी बापाला सांगायची की नाही हे स्वतः ठरवायचे. आजच्या बांगलादेशातील सिल्हेटहून पूर्व लंडनमध्ये किंवा पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूरहून उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये आलेल्या कुटुंबांत हा रोजचा अनुभव होता. मोठ्या वयात त्या मुलाची सिल्हेटी मोडकीतोडकी राहिली म्हणून त्याला संस्कृतीपासून तुटलेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या भाषेचे ओझे त्याने ज्या वयात वाहिले त्या वयात आपल्यापैकी बहुतेकांनी दुकानातून साखर आणण्यापलीकडे जबाबदारी घेतलेली नसते.

दुसरा आक्षेप असा की ही तुटलेपणाची भावना आम्ही लादत नाही, ही मुले स्वतःच ती सांगतात. खरे आहे. त्यांनी लिहिलेल्या आठवणींत, मुलाखतींत, विनोदी कार्यक्रमांत 'ना इथला ना तिथला' हा सूर सतत ऐकू येतो. त्या वेदनेवर शंका घेण्याचा मला अधिकार नाही. मात्र वेदना खरी असली तरी तिचे निदान खरे असतेच असे नाही. १९७०च्या दशकात ब्रिटनमधील समाजकार्यकर्ते आणि शिक्षक यांच्यात 'दोन संस्कृतींमध्ये अडकलेली मुले' हे निदान रूढ झाले. घर एक सांगते, शाळा दुसरे सांगते, म्हणून मूल गोंधळते, असा त्याचा आशय. हे निदान सोयीचे होते, कारण त्यामुळे दोष संस्कृतींच्या भेटीवर जाई आणि शाळेने, पोलिसांनी, नगरपालिकेने काय केले हे पाहावे लागत नसे.

त्यांनी काय केले ते पाहू. १९६५मध्ये ब्रिटनच्या शिक्षण खात्याने परिपत्रक काढले की एखाद्या शाळेत स्थलांतरितांच्या मुलांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशापेक्षा वाढू देऊ नये आणि जास्तीची मुले दुसरीकडे पाठवावीत. लंडनजवळच्या साउथॉलमध्ये ते धोरण आधीच सुरू झाले होते. परिणामी रोज सकाळी पंजाबी मुले रस्त्याच्या कोपऱ्यावर थंडीत बसची वाट पाहत उभी राहत, आपल्याच घराशेजारची शाळा मागे टाकून काही मैल दूरच्या शाळेत जात आणि घंटा होताच परत त्याच बसमध्ये बसवली जात. खेळाच्या संघात त्यांना राहता येत नसे, कारण सराव शाळा सुटल्यावर असे. मूल आजारी पडले तर आईला तिथवर पोचता येत नसे. इंग्रजी चांगले येणारी मुलेही यातून सुटली नाहीत. निवड कातडीच्या रंगावरून होत होती. गोऱ्या मुलांना मात्र साउथॉलमध्ये आणले गेले नाही. हे धोरण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळले. त्या बसमधल्या मुलाला आपण या शाळेचे नाही असे वाटले असेल, तर त्याचे कारण घरची पंजाबी आणि शाळेची इंग्रजी यांच्यातला संघर्ष, की नगरपालिकेची बस?

याच मुलांमधून पुढची घटना घडली, आणि तिच्याकडे मी या सगळ्या इतिहासाचे वळण म्हणून पाहतो. ४ जून १९७६ रोजी साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची वर्णद्वेष्ट्या टोळक्याने हत्या केली. ज्येष्ठांच्या संघटनांनी निषेधाचे ठराव आणि निवेदने यांचा मार्ग धरला. तरुण मुले थेट पोलीस ठाण्यासमोर जाऊन बसली आणि त्यांनी साउथॉल युथ मूव्हमेंट उभी केली. पाहुण्याने यजमानाला दुखवू नये ही आईवडिलांची रीत त्यांना लागू नव्हती, कारण ती पाहुणी नव्हती. १९८१मध्ये ब्रॅडफर्डच्या बारा तरुणांवर पेट्रोल बॉम्ब बनवल्याचा खटला भरला गेला. हल्लेखोरांपासून वस्तीचे रक्षण करण्यासाठी ते बनवले होते, असे त्यांनी उघड सांगितले आणि पुढच्या वर्षी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. या तरुणांत शीख, मुसलमान, हिंदू एकत्र होते. १९४७ने जे तोडले ते ब्रॅडफर्डच्या गल्लीत या मुलांनी काही काळ तरी जोडून दाखवले. ही जोडणी त्यांच्या वारशात नव्हती, ती त्यांनी घडवली. उपखंडात स्वतःला 'दक्षिण आशियाई' म्हणवणारा माणूस शोधावा लागेल. लंडन आणि टोरांटोमध्ये ही ओळख हजारो जण सहज धारण करतात.

मुलींचा अनुभव आणखी कठीण, कारण त्यांना एकाच वेळी रस्त्यावरच्या शत्रूशी आणि घरातल्या धाकाशी लढायचे होते. १९७९मध्ये आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या स्त्रियांनी स्थापन केलेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चे काढले आणि नवऱ्याच्या मारहाणीविरुद्धही काढले. घरची लक्तरे वेशीवर टांगता, गोऱ्यांच्या हाती कोलीत देता, असे त्यांना समाजातल्या कर्त्या पुरुषांनी सुनावले. 'संस्कार टिकले पाहिजेत' हे वाक्य ऐकताना मला या स्त्रिया आठवतात. कोणते संस्कार? ठरवायचे कोणी? वारशाची शिल्लक मोजणारा माणूस वारसा नेहमी निव्वळ मौल्यवानच मानतो, आणि ज्यांच्या अंगावर तो काठीसारखा पडला त्यांचे मत विचारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ज्या चौघांनी बॉम्बस्फोट घडवून ५२ जणांचे प्राण घेतले त्यांतील तिघे पाकिस्तानी वंशाचे, ब्रिटनमध्ये जन्मलेले तरुण होते. निष्ठेचा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हाती हे सर्वांत मोठे शस्त्र आहे, आणि 'ते अपवाद होते' एवढ्या उत्तराने भागत नाही. पण हे शस्त्र नीट पाहावे. टेबिट यांची कसोटी सांगते की वारसा जितका जास्त उरेल तितका धोका अधिक. हे तिघे यॉर्कशरच्या शाळांत शिकलेले आणि तिथल्याच बोलीत बोलणारे होते. त्यांनी स्वीकारलेला कडवा विचार आईवडिलांच्या गावाकडून आलेला नव्हता. ती त्या पिढीच्या धार्मिक चालीरीतींपासून दूर गेलेली, पुस्तिका आणि चित्रफिती यांतून उचललेली विचारसरणी होती. तेव्हा 'परक्या संस्कृतीचे अवशेष' या कारणाने त्या गुन्ह्याचा उलगडा होत नाही. त्याचा उलगडा ब्रिटनच्या आणि जगाच्या तेव्हाच्या राजकारणातच शोधावा लागतो, आणि जबाबदारी त्या गुन्हेगारांवर ठेवावी लागते. त्यांच्या वंशाच्या लाखो लोकांनी दर वेळी माफीनामा सादर करावा, अशी अपेक्षा इतर कोणत्या गुन्ह्याच्या बाबतीत केली जाते?

यशाच्या कौतुकाविषयी थोडक्यात. अमेरिकेतील भारतीय वंशाची मुले शब्दलेखनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत चमकतात. २०१९मध्ये आठ सहविजेत्यांपैकी सात जण दक्षिण आशियाई वंशाचे होते. त्याचे श्रेय 'आपल्या संस्कृती'ला दिले जाते. परंतु १९६५च्या अमेरिकी कायद्याने उच्चशिक्षितांना प्राधान्य दिले, म्हणजे आईवडील आधीच निवडून घेतलेले होते. मंगला धरणात गाव बुडाल्यावर मीरपूरहून इंग्लंडच्या कापड गिरण्यांत रात्रपाळी करायला गेलेल्या माणसाचा मुलगा आणि शिकागोच्या हृदयरोगतज्ज्ञाचा मुलगा यांना एका तराजूत घालून संस्कृतीची थोरवी सिद्ध करता येत नाही.

इतिहासाने आपल्याला याहून उदार उदाहरण दिलेले आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठ्यांची पुढची पिढी तमिळ बोलू लागली, तमिळ पंडितांना आणि तेलुगू कवींना आश्रय देऊ लागली. सर्फोजीराजांनी १८०३मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला, आणि त्याच राजाच्या सरस्वती महाल ग्रंथालयात युरोपीय वैद्यकाचेही ग्रंथ आले. मराठी कीर्तनाची धाटणी तंजावरात तमिळ हरिकथेत मिसळली आणि त्यातून दोघांहून निराळे असे काही जन्माला आले. त्या लोकांच्या मराठीतले तमिळ शब्द मोजून आपण त्यांना कमी लेखत नाही. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. जे औदार्य आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरला दाखवतो, ते आजच्या न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला दाखवायला अडचण कोणती आहे? तंजावरकरांनी आपल्यापुढे हजेरी लावावी अशी आपली अपेक्षाच उरलेली नाही, एवढाच काय तो फरक.

या निरर्थक मोजदादीत वेळ जात असताना दुसऱ्या पिढीचे खरे प्रश्न बाजूला पडतात. २०२३मध्ये सिॲटल नगरपालिकेने, मूळच्या पुण्याच्या नगरसेविका क्षमा सावंत यांच्या पुढाकाराने, जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. कॅलिफोर्नियात तसेच विधेयक विधिमंडळात संमत झाले, पण राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. या वादात दोन्ही बाजूंना अमेरिकेतच वाढलेले लोक होते. ज्या गोष्टी आईवडिलांनी सोबत आणल्याचे कबूल केले नाही त्यांचेही काय करायचे, हे त्यांना ठरवायचे आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांच्या महाराष्ट्राने तरी ही चर्चा गांभीर्याने ऐकायला हवी.

त्याहून निकडीचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या भारतीयांना ग्रीन कार्डासाठी दशकानुदशके थांबावे लागते, कारण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत अशी मर्यादा आहे. तान्हेपणी त्यांच्याबरोबर गेलेले मूल एकविसाव्या वर्षी पालकांच्या अर्जातून गळते आणि ज्या देशात ते बालवाडीपासून शिकले तो देश सोडण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशानुसार, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील, तर तिथे जन्मलेल्या बाळालाही नागरिकत्व मिळणार नव्हते. त्याला न्यायालयांत आव्हान द्यावे लागले. १८९८मध्ये चिनी दांपत्याचा मुलगा वाँग किम आर्क याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला जन्मसिद्ध हक्क असा पुन्हा वादात ओढला गेला. इम्पिरियल व्हॅलीतल्या पंजाबी बापांची शेते ज्या हक्कावर टिकली तो हाच. इकडे भारतही दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि २०२१च्या अधिसूचनेनंतर पत्रकारिता किंवा संशोधन करायचे तर वेगळी परवानगी लागते. 'आपली मुले' म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांच्या हाती आपण ठेवलेला कागद एवढाच आहे. त्यांच्या मराठीची चिंता करणाऱ्यांनी त्यातील थोडी चिंता या दोन्ही देशांच्या कायद्यांकडे वळवावी, आणि त्या कायद्यांविरुद्ध ही मुले तिथल्या न्यायालयांत आणि तिथल्या मतपेटीत जे भांडण लढत आहेत त्यात त्यांना नागरिक म्हणून पाठिंबा द्यावा.